मुकादम : पुढे केलेला माणूस

दिवाळीच्या दिवसांत फराळाची ताटे घेऊन घरची मुले शेजारीपाजारी जातात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांखालून एक छोटासा इतिहासग्रंथच जात असतो. तो ग्रंथ म्हणजे दारांवरच्या पाट्या. अंबरनाथ किंवा बदलापूर येथील एखाद्या इमारतीचा जिना चढू लागावे. एका मजल्यावर कुलकर्णी आणि म्हात्रे, दुसऱ्यावर इनामदार आणि सावंत, तिसऱ्यावर मुजुमदार आणि मिरासदार. ही सारी मंडळी आपलीच. त्यांच्या घरचे कानवले, चकल्या आणि देव्हारे आपल्यासारखेच. पण यांतील निम्म्या पाट्यांवरचे शब्द अरबस्तानातून निघून, इराणच्या वाटेने, घोड्यांच्या टापांबरोबर किंवा गलबतांच्या शिडांबरोबर आपल्याकडे आले आहेत, याची आठवण कितीकांस असते?

इनामदारांतील ‘इनाम’ अरबी, मिरासदारांतील ‘मिरास’ म्हणजे वारसा हाही अरबी. ‘मज्मूआ’ म्हणजे एकत्र केलेली बेरीज. ती सांभाळणारा तो मुजुमदार. ‘फर्द’ म्हणजे कागदाचा ताव अथवा यादी. ती लिहिणारा तो फडणीस. दुसऱ्याच्या वतीने कारभार पाहणारा तो मुतालिक, नाणी पारखणारा तो सराफ. मात्र यांतील पुष्कळांना ‘दार’, ‘नीस’ अशी फार्सी शेपटी चिकटलेली आहे. अशी कोणतीही शेपटी न लावता, निखळ अरबी राहूनही जे पुरते मराठी झाले, असे एक आडनाव आज पाहावयाचे आहे. ते म्हणजे मुकादम.

प्रथम शब्दाचा अर्थ. अरबी भाषेत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून फुटतात. ‘क-द-म’ या धातूचा भाव पुढे असणे, पुढे येणे असा आहे. त्यापासून ‘कदम’ म्हणजे पाऊल. ‘कदीम’ म्हणजे आधीचे, जुने. जालना शहराच्या जुन्या भागास ‘कदीम जालना’ म्हणतात, तो हाच शब्द. (आपल्याकडील कदम हे आडनाव मात्र वेगळे, त्याचा संबंध परंपरेने कदंब राजकुलाशी जोडतात.) न्यायालयापुढे ठेवलेले प्रकरण तो ‘मुकदमा’, आणि इब्न खल्दून या थोर इतिहासकाराने १३७७ साली आपल्या इतिहासाला जी विख्यात प्रस्तावना लिहिली, तिचे नाव ‘मुकद्दिमा’. याच धातूपासून ‘मुकद्दम’ बनला. मराठी जिभेने ‘द’चे द्वित्व सोडून दिले, घशातला खोल ‘क’ आपल्या साध्या ‘क’सारखा केला, आणि आधी ‘मोकदम’ व पुढे ‘मुकादम’ असे रूप घडविले.

येथे व्याकरणाची एक बारीक गोष्ट आहे, आणि या शब्दाची सारी गंमत तिच्यात आहे. ‘मुकद्दम’ हे कर्मणि रूप आहे. त्याचा अर्थ ‘पुढे झालेला’ असा नव्हे, तर ‘पुढे केलेला’ असा आहे. मुकादम स्वतःच्या हिमतीवर पुढे सरसावलेला नाही. त्याला कोणीतरी पुढे उभे केले आहे. मग प्रश्न उभा राहतो : कोणी केले, आणि कोणासाठी? मागे उभ्या असलेल्यांनी आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी, की वर बसलेल्यांनी आपली वसुली करण्यासाठी? हा शब्द आपल्या मुलुखात आल्यापासून या प्रश्नाने त्याची पाठ सोडलेली नाही.

अरबी नावे आपल्याकडे मुसलमानी राज्याबरोबर आली, असा सर्वसाधारण समज आहे. उत्तर कोकणापुरता तरी तो अपुरा आहे. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेला शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा एक ताम्रपट आहे. त्यात संजाणच्या प्रदेशाचा अधिकारी म्हणून एका ‘ताजिक’ म्हणजे अरब गृहस्थाचे नाव येते. नाव मोठे गोड आहे : ‘मधुमति’. विद्वानांनी ओळखले की हा मूळचा महंमद! या महंमदाने नदीवर फुकट तरीची सोय केली, अन्नछत्र घातले, आणि एका देवीच्या मठाला दान दिले, असे त्या ताम्रपटावरून कळते. त्याच्या दहाएक वर्षे आधी अल्-मसूदी हा अरब प्रवासी चौलास येऊन गेला होता. तेथे सुमारे १०,००० मुसलमान राहतात आणि शिलाहार राजा झंझ याने त्यांच्यावर त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमलेला आहे, असे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे दहाव्या शतकात आपण महंमदाचा मधुमति करीत होतो. आणि पुढे काही शतकांनी आपल्याच पाटलाचा मोकदम झाला. देवघेव अशी दोन्ही बाजूंनी झाली.

अंबरनाथचे शिवमंदिर या दोन टोकांच्या मधले. त्यावरील शिलालेख शके ९८२ चा, इ. स. १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळचा. त्या काळच्या लेखांत राजाचे अधिकारी महामात्य, महासांधिविग्रहिक अशा भारदस्त संस्कृत पदव्यांनी वावरतात. गावचा प्रमुख कोठे ‘ग्रामकूट’ असतो, कोठे ‘पट्टकील’. या पट्टकीलाचाच घासून घासून पाटील झाला. वालधुनीच्या काठी ज्यांनी ते मंदिर उभे राहताना पाहिले, त्या गावकऱ्यांपुढेही असा कोणीतरी पुढे केलेला माणूस असणारच. फक्त त्याला अजून मुकादम हे नाव मिळावयाचे होते.

ते नाव उत्तरेकडून जमिनीच्या वाटेने आले. दिल्लीच्या सुलतानांच्या कारभारात गावच्या प्रमुखाला मुकद्दम म्हणत. देवगिरीवर १२९६ साली चालून आलेला तोच अल्लाउद्दीन खिलजी. या मुकद्दमांचे त्याला भारी वावडे होते. झियाउद्दीन बरनी या इतिहासकाराने त्याची तक्रार नोंदविली आहे ती अशी, की हे लोक उंची घोड्यांवर बसतात, तलम वस्त्रे नेसतात, शिकारी करतात, आणि स्वतःच्या जमिनीचा सारा मात्र भरीत नाहीत. अल्लाउद्दीनाने त्यांना असे पिळून काढले की त्यांच्या घरी सोन्याचांदीचा मागमूस राहिला नाही. सुलतानाने ज्याला आपल्या वसुलीसाठी पुढे केले, तो आपल्याच जोरावर पुढे झाला आहे असे दिसताच त्याला मागे ढकलले. पण गावोगाव असा माणूस लागतोच. सुलतान गेले, मुकद्दम राहिले.

देवगिरीच्या यादवांचे राज्य बुडाल्यावर हा शब्द दक्षिणेत रुजला. बहामनी राज्य १३४७ साली स्थापन झाले, पुढे निजामशाही आणि आदिलशाही आल्या. दफ्तरची भाषा फार्सी झाली, आणि मराठी कागदांतही गावचा पाटील ‘मोकदम’ म्हणून व पाटीलकी ‘मोकदमी’ म्हणून येऊ लागली. कल्याण प्रांताचे हेच झाले. तो १६३६ च्या तहाने निजामशाहीकडून आदिलशाहीकडे गेला आणि १६५७ साली शिवाजी महाराजांनी घेतला. राज्यकर्ते बदलले, पण कागदावर गावच्या प्रमुखाला हाक मारण्याचा शब्द बदलला नाही. खुद्द बदलापूर या नावाचीच पहा ना! घोडे बदलण्याचा टप्पा म्हणून बदलापूर, अशी त्या गावची परंपरागत समजूत आहे. आणि ‘बदल’ हा शब्द अरबी! त्याला ‘पूर’ हे संस्कृत शेपूट जोडले, की झाले अस्सल मराठी गाव.

या मोकदमाचा मान मोठा होता. देशावर पोळ्याच्या दिवशी पाटलाचा बैल मिरवणुकीत सर्वांच्या पुढे. होळीची पहिली पोळी त्याची. लग्नात पहिला विडा त्याचा. पण मान जितका पुढचा, तितके संकटही पुढचे. गावचा सारा थकला की सरकारी शिपाई प्रथम त्याच्या दारी येई. दुष्काळाने किंवा लढाईने गाव ओस पडले, तर कौल घेऊन रयतेला परत आणून वसविण्याचे काम त्याचे. परकी फौज खंडणी मागू लागली, तर ओलीस म्हणून तिच्या छावणीत जाऊन बसावयाचे तेही त्यानेच.

आणि पुढे केलेला माणूस उलटला तर? याचे उत्तर शिवाजी महाराजांच्या अगदी आरंभीच्या पत्रांपैकी एकात आहे. रांझे गावचा मोकदम बाबाजी गुजर याने मोकदमी करताना गैरवर्तन केले. महाराजांनी, इ. स. १६४५-४६ च्या सुमारास, त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा दिली व मोकदमी काढून घेतली. पुढे त्याच कुळातील सोनजी गुजराने त्या अपंगाला सांभाळण्याची तयारी दाखविली, तेव्हा २०० होन घेऊन मोकदमी त्याला दिली. शिक्षेची कठोरता आज आपल्या अंगावर काटा आणते. परंतु तिच्यामागील विचार स्पष्ट आहे : मोकदमी ही घरची मिळकत असली, तरी रयतेवर जुलूम करण्याचा तो परवाना नव्हे. या कागदात त्याचे नाव लिहिले आहे तेही ‘बाबाजी बिन भिकाजी’ असे. ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’, हाही शब्द अरबीच.

राज्याभिषेकानंतर महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांजकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला. दफ्तरातील फार्सी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला. स्वभाषेचा असा अभिमान बाळगणारे राज्य त्या काळी दुसरे कोणते होते? तथापि दरबारात जे साधले ते गावच्या पारावर साधले नाही. मोकदम मोकदमच राहिला. कारण शब्द कोठून आला हे रयत विचारीत नाही. तो कोणाला हाक मारतो, एवढेच ती पाहते. माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन यांनी १९२५ साली फार्सी-मराठी कोश प्रसिद्ध केला. तो चाळताना पानोपानी जाणवते की यांतील कितीतरी शब्द आपण आजीच्या तोंडून ऐकले आहेत.

हुद्द्याचे आडनाव केव्हा झाले? जुन्या कागदांत माणसाची ओळख स्वतःचे नाव, बापाचे नाव, गाव आणि वतन अशी असे. वतन वंशपरंपरेने चाले, म्हणून हुद्द्याचे नावही घराला चिकटे. इंग्रजी अमलात शाळेचा दाखला, नोकरीचे रजिस्टर आणि कोर्टाचे कागद आले. प्रत्येकास एक कायमचे आडनाव सांगणे भाग पडू लागले. कोणी गावावरून सांगितले, कोणी कुळावरून, कोणी हुद्द्यावरून. ज्यांच्या घरी मोकदमी होती त्यांतील काहींनी पाटील सांगितले, काहींनी मुकादम. पुढे महाराष्ट्र सरकारने १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे वंशपरंपरागत पद रद्द केले. पद गेले, दारावरची पाटी राहिली.

पण तोवर या शब्दाने दुसरा जन्म घेतला होता, आणि तो आपल्या या कल्याणपलीकडच्या पट्ट्याने अगदी जवळून पाहिला. आगगाडी १८५४ साली कल्याणास पोहोचली आणि १८५६ साली अंबरनाथ, बदलापूर, नेरळ या बाजूने पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत गेली. मग बोरघाट फोडण्याचे काम सुरू झाले. १८६१ साली त्या घाटात एका वेळी ४२,००० पर्यंत मजूर खपत होते, आणि १८६३ साली घाटातून गाडी सुरू झाली. एवढी माणसे एकेकटी येत नसत, टोळ्यांनी येत. टोळीचा म्होरक्या तो मुकादम. साहेबाची भाषा टोळीला कळत नसे, टोळीची भाषा साहेबाला कळत नसे. मध्ये उभा मुकादम. यूल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ साली हिंदुस्थानात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश काढला, त्यातही या शब्दाला जागा द्यावी लागली.

पुढे मुंबईच्या गिरण्या व गोद्या आल्या. अंबरनाथला १९२० च्या दशकात काड्यापेट्यांचा कारखाना आला, शहाडला १९५० च्या दशकात कृत्रिम रेशमाचा आला. जेथे माणसांची टोळी, तेथे मुकादम, नाहीतर त्याचा भाऊबंद जॉबर. कामावर घेणारा तो, काढणारा तो, अडीनडीला पैसे देणारा तो, आणि त्याबद्दल दस्तुरी खाणाराही तोच! मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली कमिशनने १९३१ च्या अहवालात या जॉबरशाहीवर कडक टीका केली. मजूर मात्र त्याला शिव्याही देई आणि मुलीच्या लग्नाला उचल मागण्यास त्याच्याच दारी जाई.

आजही मराठवाड्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांपुढे मुकादमच असतो. तेथे नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात. हंगामापूर्वी उचल वाटली जाते, ती मुकादमाच्या हातून. एखादा कोयता पळाला तर त्याची उचल मुकादमाच्या डोक्यावर; आणि मुकादमाने ती वसूल करावयाची म्हटली, की कोयत्याच्या गळ्याला फास. गावचा सारा थकला की ज्याच्या दारी शिपाई येई, त्या मोकदमाचाच हा नातू. मध्ये तीनशे वर्षे गेली, वतन गेले, पोळ्याचा मान गेला. तो दोहोंच्या मध्ये सापडतो हे मात्र जसेच्या तसे राहिले.

हे आडनाव कोणाकोणाकडे आहे, हे पाहिले तर मोठी मौज वाटते. कोकणी मुसलमानांत मुकादम आहेत, तसेच काझी आणि खतीबही आहेत. पण त्यांच्याच शेजारी देशमुख, चौगुले आणि सरखोत ही अस्सल देशी आडनावेही मुसलमान घरांवर दिसतात. हिंदूंत मुकादम आहेत. मुंबईच्या बंदरावर माल उतरविणे, साठविणे, सोडविणे या व्यवसायालाही मुकादमी म्हणत. त्या पायी पारशी आणि बोहरा घरांतही हे आडनाव शिरले. पंचमहालातील गोध्र्याचे वामनराव मुकादम हे गुजरातेतील स्वातंत्र्यचळवळीचे नामांकित कार्यकर्ते होते. आणि दूरवर पाहावे तर इराणात मोघद्दम आहेत, लेबनॉनमध्ये मुकद्दम आहेत. अरबांच्या सैन्यात ‘मुकद्दम’ हा लेफ्टनंट कर्नलच्या बरोबरीचा हुद्दा आहे. मोरोक्कोत मोहल्ल्याची खडान्‌खडा माहिती ठेवणाऱ्या सरकारी माणसाला मुकद्दमच म्हणतात. आडनावावरून धर्म सांगता येत नाही, जात सांगता येत नाही. सांगता येते ते एवढेच, की या घरातील कोणी पूर्वज केव्हातरी चार माणसांच्या पुढे उभा होता.

या पट्ट्याला त्याचा एक जुळा भाऊही लाभला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत आश्रय मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी त्या वस्तीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव दिले. ही मंडळी येताना आपली ५२ अक्षरांची, अरबी वळणाची सिंधी लिपी घेऊन आली. म्हणजे अंबरनाथच्या शिलालेखानंतर सुमारे नऊशे वर्षांनी, त्याच वालधुनीच्या काठी, उजवीकडून डावीकडे लिहिणारे हिंदू वसले! त्यांच्या पंचायतीच्या प्रमुखाला ‘मुखी’ म्हणत, आणि मुखी हेही आडनाव झाले. लिपी अरबी वळणाची, पण ‘मुखी’ शब्द संस्कृत ‘मुखा’पासूनचा, इकडे लिपी देवनागरी, पण ‘मुकादम’ शब्द अरबी. दोहोंचा अर्थ एकच : समोरचा, पुढचा माणूस. घरदार सोडून आलेल्या समाजात रेशन कोणास मिळाले नाही, बराकीतील खोली कोणास अपुरी पडते, हे सरकारपुढे सांगण्यास कोणीतरी पुढे करावाच लागतो. असा माणूस लागला नाही, असा समाज अजून जन्मास आलेला नाही.

अरबी म्हणून या आडनावाकडे परकेपणाने पाहण्याचे कारण नाही, हे आता निराळे सांगावयास नको. ज्या शब्दाने पोळ्याचा बैल पुढे नेला, बोरघाटातील सुरुंगाच्या तोंडाशी टोळी नेली आणि ओस गावे पुन्हा वसविली, तो शब्द आपला नाही तर कोणाचा? पण त्याने मागे ठेवलेली शिकवण अधिक मोलाची आहे. ‘पुढे झालेला’ आणि ‘पुढे केलेला’ यांत जे अंतर आहे, ते आपल्या सार्वजनिक जीवनात दिवसेंदिवस पुसट होत चालले आहे. सोसायटीचा चिटणीस असो, शाळेचा चालक असो, नगरपालिकेचा सभासद असो, जो तो आपण पुढे झालो असे समजतो. आपल्याला कोणीतरी पुढे केले आहे, आणि ज्यांनी केले ते मागे उभे आहेत, ही आठवण अरबी व्याकरणाने या एका शब्दात बांधून ठेवली. मुकादमांच्या घरातील मुलांनी ती अभिमानाने मिरवावी. आणि ज्यांच्या दारावर ती पाटी नाही, त्यांनी ती उसनी घेण्यास काहीच हरकत नाही.